ताटलीत साखर कशासाठी?

चि. अन्वी,

परवा शेजारच्या आजींनी मिन्स पाय, म्हणजे नाताळातल्या सारण भरलेल्या छोट्या गोड पेस्ट्र्या, घालून पाठवलेली ताटली परत करायला निघालीस तेव्हा तू विचारलंस, "आई, त्यांच्या घरी साखर असते की! मग चमचाभर साखर का घातलीस?" मी तेव्हा कणीक मळत होते, "जा, सांगते नंतर" म्हणून तुला पिटाळलं. आता लिहूनच देते. नाताळच्या सुट्टीत मराठी वाचायचं कबूल केलंयस, तेही होईल.

आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चकली असेल तर चकली, नाहीतर दोन लिंबं, घरात काहीच नसेल तर साखर. रिकामं भांडं देणं अशुभ, असं तुझी पणजी म्हणायची. शुभ-अशुभ मी फारसं मानत नाही, पण रीत मला पटते. ताटली धुऊनपुसून नुसतीच परत दिली की फिटंफाट झाली. साखर घातली की देणंघेणं चालू राहतं, आणि देणंघेणं चालू असलं की माणसं एकमेकांचं दार वाजवत राहतात. मात्र ती चमचाभरच बरी. त्यांच्या सहा मिन्स पायना आपण डबाभर लाडू धाडले तर ती चढाओढ. दिवाळीच्या फराळात ती आपल्याकडे भरपूर चालते, आणि राबतात बायकाच, हेही सांगून ठेवते.

त्या मिन्स पायकडे कधी नीट बघितलंयस का? जुन्या काळी त्यात मनुकांबरोबर मटणही घालत. आता मनुका, सफरचंद, मसाले. पण सूएट, म्हणजे गाईबैलांची चरबी, पुष्कळ जण अजून घालतात. आपण ती खात नाही हे कळल्यापासून आजी आपल्यासाठी वनस्पती-सूएटचा वेगळा घाणा काढतात. सरमिसळ होऊ नये म्हणून आपल्या पायवर पारीची चांदणी, त्यांच्या पायवर हॉलीचं, म्हणजे नाताळातल्या त्या काटेरी झुडपाचं, पान. साखरेने याची परतफेड होईल का? होऊच नये.

आणि तुझा बाबा काय करतो? आपल्या या इंग्लंडमधल्या गावाच्या, मेल्टन मोब्रेच्या, बाजाराची नोंद 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत आहे आणि मंगळवारचा बाजार आजही भरतो, पण गावाचं नाव झालं ते पोर्क पायमुळे, म्हणजे डुकराचं मांस भरून भाजलेल्या पायमुळे. साचा न लावता भाजतात, म्हणून त्याच्या कडा पोट सुटल्यासारख्या फुगतात. 2009 पासून 'मेल्टन मोब्रे पोर्क पाय' हे नाव या भागाबाहेरच्या पायला लावता येत नाही. इथल्या जुन्या घरांत नाताळच्या सकाळी न्याहारीला तोच लागतो, म्हणून 24 तारखेला पहाटेच्या अंधारात दुकानाबाहेर रांग लागते. आजींचे गुडघे धरतात, तेव्हा त्या रांगेत आपला शाकाहारी बाबा उभा! पुढच्या-मागच्यांशी पायच्या आवरणावर अशी चर्चा करतो की जन्मभर तेच खात आलाय.

तुलाही यंदा त्याच्याबरोबर जायचंय ना? मग 23 ला लवकर झोप, मोजे दोन-दोन घाल, आणि पैसे आजींकडून आदल्या दिवशीच घेऊन ये. पायचे पैसे मात्र त्या देणारच, तिथे "राहू दे" म्हणायचं नाही.

तुझी,
आई