आसरेची विहीर आणि चौथी पायरी

तुमचा प्रश्न असा: "सातारा जिल्ह्यात खरोखर झपाटलेल्या किंवा खून झालेल्या जागा कोणत्या? आम्ही चौघे मित्र अमावास्येला रात्री कॅमेरा घेऊन जाणार आहोत."

कॅमेरा शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो. असल्या जागी कॅमेरा घेऊन जायचं काम मी बावीस वर्षं केलंय. साताऱ्यात माझा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज, आणि पोलिसांचा निरोप आला की पंचनाम्याचे फोटो. बिल सहा-सहा महिने निघायचं नाही, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

यादी पटकन देतो. खंबाटकी घाटातली पांढऱ्या साडीतली बाई तुम्ही ऐकलेलीच असणार. बोगद्यातून पुण्याच्या अंगाला बाहेर पडलं की उतार आणि लगेच एस आकाराचं वळण. एप्रिल २०१८ मध्ये तिथं मजुरांचा टेम्पो उलटून १५ हून जास्त माणसं गेली. अशा वळणाला बाईची गरज काय?

खुनाची जागा म्हणाल तर वाईजवळचं धोम. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या एका 'डॉक्टर'च्या आवारातून पुरलेले मृतदेह उकरून काढले. २००३ पासून २०१६ पर्यंत सहा खून केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. तेरा वर्षं लोक त्या वाटेनं जात-येत होते, त्याच्याकडून इंजेक्शनं घेत होते. तिथं पैंजण वाजले, दिवे दिसले, असं माझ्या तरी कानावर आलं नाही. मढी जिथं खरोखर जमिनीखाली होती तिथं भूत नव्हतं, हे तुमच्या तिघा मित्रांना सांगा.

आता विहिरीचं. हे जरा लांबेल.

खटाव तालुक्यात माझी सासुरवाडी. थोरल्या मेव्हण्यांच्या मळ्यात जुनी पायऱ्यांची विहीर आहे, दगडी, पन्नासेक फूट खोल. काठावर औदुंबर, त्याच्या बुडाशी साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, सात दगड. बाया हळदकुंकू वाहतात, खण ठेवतात, फांदीला हिरव्या बांगड्या अडकवतात. माझं लग्न झालं तेव्हा एक पोरगा आधीच बुडाला होता. मग एक गडी गेला. १९९८ च्या पावसाळ्यात शेजारच्या घरातली सून गेली. अख्खं गाव म्हणालं, आसरेनं ओढली. मेव्हणे तर छातीठोकपणे म्हणाले, "दाजी, तिसऱ्या दिवशी सोडती बघा ती. आधी न्हाई."

आणि सोडली तिसऱ्या दिवशीच. गळ टाकून टाकून पोहणारे दमले होते, आणि सकाळी बघतात तर वर. याला गाव पुरावा मानतं. बुडालेलं प्रेत आधी तळाला जातं, मग कुजताना पोटात वायू धरतो आणि ते वर येतं. आपल्याकडच्या हवेत त्याला दोन-तीन दिवस लागतात. नदीत, तळ्यात, कुठंही. तिथं कुठल्या आसरा बसल्यात?

त्या सुनेच्या लग्नाला सात वर्षं झालेली नव्हती, त्यामुळे पंचनाम्याला तहसीलदार आले. पंच म्हणून उभे केलेले दोघं पायरी उतरायला तयार नव्हते. मी उतरलो, कारण मला जवळून फोटो हवे होते. छत्तीसचा रोल, त्यातले अकरा फोटो त्या दिवशी काढले. दोन मला अजून डोळे मिटले की दिसतात. एक तिच्या उजव्या मुठीचा. मूठ घट्ट आवळलेली आणि बोटांच्या फटीतून हिरवं शेवाळ बाहेर आलेलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यात पडली तेव्हा जिवंत होती, हाताला लागेल ते धरत होती. मेलेल्या माणसाला अशी मूठ वळता येत नाही. दुसरा फोटो वरून चौथ्या पायरीचा. पायरीवर बोटभर शेवाळ, आणि त्यात टाचेचा एक लांब ओरखडा, कडेपर्यंत गेलेला. शेजारी मोजमापासाठी मी काडेपेटी ठेवली होती. ओरखडा चार काडेपेट्या भरला. दोन दिवस पाऊस नव्हता म्हणून राहिला होता.

गावात तोवर दोन पक्ष झाले होते. एक आसरेचा, दुसरा सासूनं ढकललं म्हणणाऱ्यांचा. दुसऱ्या पक्षाला रस जास्त होता, चौकशी महिनाभर चालली आणि त्या म्हातारीनं घराबाहेर पडायचं सोडलं. मुठीवरून एवढंच कळतं की जिवंत पडली. घसरली की ढकलली, ते पायरी सांगते, आणि पायरी बघायला दोन्ही पक्षांतलं कुणी खाली उतरलं नव्हतं. तुमच्या खुनाच्या गोष्टी रात्री जागून ऐकणाऱ्यांचं मला हेच खटकतं. भूतवाल्यांना आसरा हवी असते, यांना सासू. शेवाळ कुणालाच नको.

मी मेव्हण्यांना त्याच आठवड्यात म्हटलं, आप्पा, पायऱ्या घासून घ्या आणि कडेनं कमरेएवढा कठडा बांधा. गवंड्याचा अंदाजही काढून दिला, सात हजार. ते म्हणाले, "दाजी, तुम्ही फोटू काढा. आसरेपुढं कठडा टिकतोय व्हय?" आणि बाहेरून एक देवऋषी आणला. कोंबडा, नारळ, दक्षिणा आणि दोन दिवसांचं जेवणखाण मिळून नऊ हजार गेले. हिशेब मला माहीत आहे, कारण त्यातले दोन हजार माझ्याकडून उसने नेले होते. ते अजून यायचेत.

त्यावरून आमचं जे वाजलं ते सात-आठ वर्षं टिकलं. दिवाळीला जेवायला बसलो की विहीर निघायची. बायको म्हणायची, सोडा आता. पण २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवला जत्रेत चेंगराचेंगरी झाली, जवळपास ३०० माणसं गेली, आणि पेपरात छापून आलं की फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. मी तो पेपर मुद्दाम सासुरवाडीला घेऊन गेलो. चूक केली. मेव्हणे म्हणाले, "देवीचा कोप." मी ताट तसंच ठेवून उठलो.

पुढच्याच पावसाळ्यात त्यांची मुऱ्हा म्हैस विहिरीत पडली. पाचव्या वेताची, दिवसाला बारा लिटरची. दोर लावून काढेपर्यंत मेली. आठ दिवसांत कठडा उभा. माणसं गेली तेव्हा आसरा होती, म्हैस गेली तेव्हा सिमेंट आलं.

तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. पडीक विहिरीत उतरू नका, आणि भुताचा त्यात काही संबंध नाही. वापरात नसलेल्या विहिरीच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साठतो, ऑक्सिजन कमी होतो. उतरलेला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो, मग गाव म्हणतं विहीर जोडीनं नेते. जुनी माणसं आधी कंदील सोडून बघायची, विझला की उतरायचे नाहीत. पण विहिरीत डिझेल इंजिन चाललेलं असेल तर कंदिलावरही विसंबू नका. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो आणि कंदील जळतच राहतो. दुसरं, मळा कुणाच्या तरी मालकीचा असतो, मालकाला न विचारता आत शिरू नका. तो आसरेपेक्षा लवकर धरेल.

आणि 'जागा शांत करून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर लांब राहा. जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एकाच कुटुंबातली नऊ माणसं मेली. आधी सगळ्यांना सामूहिक आत्महत्या वाटली; पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गुप्तधनाच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्या मांत्रिकानं विष दिलं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तक्रार करायला माणूस जिवंत लागतो.

एक कबुली राहिली. हे सगळं मी दिवसाउजेडी सांगतोय. १९९८ च्या त्या दिवशी परतताना अंधार झाला होता, औदुंबराखालून एकटा येत होतो, आणि डोक्यावर बांगड्या किणकिणल्या. वाऱ्यानं वाजतात, मला माहीत होतं. तरी मी स्कूटरपर्यंत पळालो, आणि घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय आत गेलो नाही. बायकोच्या सांगण्यावरून नाही, स्वतःहून. आसरेच्या दगडांना हात लावायची माझी आजही छाती नाही. कठडा बांधा म्हणालो होतो, दगड काढा असं मी कधीच म्हणालो नाही, हे मेव्हण्यांनी कधी ऐकूनच घेतलं नाही.

मागच्या वर्षी पुतण्यानं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, 'साताऱ्यातली शापित विहीर'. रात्रीचं शूटिंग, तुमच्यासारखीच चार पोरं. मेव्हणे आता ऐंशीला टेकलेत, अंगावर शाल घेऊन सांगतायत की आसरेनं इथं तीन माणसं नेली आणि अजून बांगड्यांचा आवाज येतो. म्हशीचा विषय काढत नाहीत. बसलेत मात्र कठड्यावर.