जास्वंदीच्या पानाची सुरळी: अळी कोणती?

जास्वंदीचं पान कर्ण्यासारखं गुंडाळलेलं, आत काळ्या लेंड्या आणि काळ्या डोक्याची पारदर्शक हिरवट अळी, शेजारी भेंडी, मोगरा आणि कढीपत्ता, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून ही बहुधा हरितालोडस डेरोगाटा या पतंगाची अळी. कापूसवाले हिला पाने गुंडाळणारी अळी म्हणतात. जुन्या पुस्तकांत ती सिलेप्टा डेरोगाटा या नावाने सापडेल. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 साली वर्णिलेली हीच जात.

पान गुंडाळलं म्हणजे टॉर्ट्रिसिडी हे पतंगांचं कूळ, असं तुम्ही धरलंय, ते मात्र सोडा. सुरळ्या करणाऱ्या अळ्या बऱ्याच कुळांत आहेत आणि ही क्रॅम्बिडी या दुसऱ्या पतंग-कुळातली आहे. म्हणून मी सुरळीआधी झाड बघतो. हिची झाडं मुख्यतः भेंडी कुळातली: कापूस, भेंडी, जास्वंद, अंबाडी, हॉलीहॉक, रानातली पेटारी. तेव्हा शेजारच्या कुंडीतली भेंडी रोज बघा. मोगरा आणि कढीपत्त्याची काळजी नको. मोगऱ्याची पानं जाळीने चिकटवणारी अळी याच क्रॅम्बिडी कुळातली, पण वेगळी: नॉसिनोई जिओमेट्रालिस.

आता खात्री कशी करायची. सुरळी हळूच उलगडा. ही अळी बोट लागताच जोरात वळवळते आणि मागे सरकते. पाठ उंचावत कमानीसारखी चालत असेल आणि पानाला नुसती भोकं असतील, तर ती उंटअळी, ॲनोमिस फ्लाव्हा. तीही जास्वंदीवर येते, पण अशी सुरळी करत नाही.

तरीही जातीचं नाव पतंग बघूनच पक्कं करावं. अळीसकट सुरळी बरणीत ठेवा, तोंडाला मलमलीचं फडकं बांधा, रोज जास्वंदीचं ताजं पान द्या, लेंड्या काढत जा, नाहीतर बुरशी येते. कोष बहुधा सुरळीतच होतो. पतंग निघाला की पंख पसरून बसलेला असताना बरोबर वरून फोटो घ्या: फिकट पिवळसर पंखांवर तपकिरी नागमोडी रेघा, डोक्यावर आणि छातीवर गडद ठिपके. कधी पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशी निघते. ती अळीवर जगणारी परोपजीवी. तिचाही फोटो जरूर टाका, अशा नोंदी फार कमी होतात.

दोन-चार कुंड्यांसाठी औषध मारू नका, भेंडी खायची असेल तर मुळीच नको. बाकीच्या सुरळ्या हाताने तोडून साबणाच्या पाण्यात टाका. आणि कुंडीत पडलेला पालापाचोळाही उचला, काही अळ्या त्यात कोषावस्थेत जातात.