अकरा गोळ्या जास्त

"मॅडम, गोळी माझ्या हातून दिली आणि आई गेली तर?"

शेवटच्या आजारातलं माणूस घरी सांभाळणारे बहुतेक जण कधी ना कधी हे विचारतात. गोव्यात डिचोलीकडच्या एका वाड्यावरच्या या मुलाने विचारलं, तेव्हा त्याला मान वर करवत नव्हती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) आईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलेला. डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी लिहून दिलेली, आणि हा एक चुकवून एक देत होता. आपण आईला वाचवतोय, असंच त्याला वाटत होतं.

मला हे कळलं नसतं. कळलं ते पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, आमच्या सिस्टरला. तिने आधी पाकिटं मोजली. हिशेबापेक्षा अकरा गोळ्या जास्त! मग चादर बदलायला आईला कुशीवर वळवलं, तर त्यांनी खाटेची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. तोंडातून ब्र नाही. सिस्टर मुलाला रागावली नाही. "रात्री तळमळतात म्हणालात ना? शौचाला कधी झालं होतं?"

सहा दिवसांपूर्वी.

मॉर्फिनने बहुतेकांना बद्धकोष्ठ होतं, म्हणून जोडीला रेचक रोज लागतं. ते त्याला कुणी समजावलंच नव्हतं. तळमळीचा दोष गोळीला देऊन तो गोळी कमी करत गेला, तसं दुखणं वाढत गेलं. सिस्टरने डॉक्टरांशी बोलून पोट साफ करून दिलं. त्या रात्री आई झोपली.

मी त्याला सांगितलं, मॉर्फिन दुखण्याच्या मापाने, थोडं थोडं वाढवतात. असं दिलेलं मॉर्फिन मरण ओढून आणत नाही. दुखण्यासाठी घेतल्यावर व्यसन लागणंही क्वचितच. मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. फारच गुंगी आली, श्वास मंदावला, तर पुढची गोळी न देता लगेच फोन करायचा. त्याने ऐकलं. पण खरा आधार झाला तो सिस्टरने वेळा आखून दिलेल्या वहीचा.

चवथीला आईने खाटेवरूनच माटोळी, गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची आरास, बांधून घेतली. "सुपारीचा घोस कडेला रे! आणि यंदा कांगलं नाही आणली?"

बाराव्यानंतर तो उरलेल्या गोळ्या परत द्यायला आला. वही उघडून समोर धरली. सिस्टरने गोळ्या मोजल्या. हिशेब जुळला.