वाचकांचे प्रश्न : प्रतिपिंडांना अडवतं कोण?

प्रश्न : विषाणूसंसर्गात आपल्याच प्रतिकारपेशी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होऊ देत नाहीत, असं वाचलं. हे कसं घडतं?

उत्तर : उंदरांवर याचा बराच अभ्यास झाला आहे. व्हीएसव्ही (गुराढोरांच्या तोंडात फोड आणणारा विषाणू) याला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं उंदराच्या शरीरात आठवड्याभरात तयार होतात. एलसीएमव्ही या उंदरांमध्ये आढळणाऱ्या दुसऱ्या विषाणूच्या बाबतीत कित्येक आठवडे, कधी महिने जातात. २०१६ साली याची जी कारणं समोर आली, त्यांच्या मुळाशी टाइप १ इंटरफेरॉन निघालं, म्हणजे विषाणूला थोपवायला सर्वांत आधी धावणारं रसायन.

त्याच्या हाकेवर मोनोसाइट या पांढऱ्या पेशी लसिकाग्रंथीत घुसतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्यात प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींचा बळी जातो. मोनोसाइटना आत येऊ दिलं नाही, तर बी पेशींचा प्रतिसाद सुधारतो. उरलेल्या बी पेशी घाईघाईनं प्रतिपिंडं स्रवणाऱ्या अल्पायुषी पेशी बनतात, त्यामुळे जर्मिनल सेंटरमध्ये, म्हणजे लसिकाग्रंथीतल्या बी पेशींच्या तालीमखान्यात, प्रतिपिंडांची धार वाढायला फारशा कुणी राहत नाहीत. शिवाय विषाणूला नेमक्या ओळखणाऱ्या बी पेशी त्याला धरून आत घेतात, स्वतःच बाधित होतात आणि बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशींच्या तावडीत सापडतात. जितकी ओळख पक्की, तितका धोका जास्त!

नॅचरल किलर पेशींचा मार्ग वेगळा. त्या परफोरिन (पेशीला छिद्रं पाडणारं प्रथिन) वापरून बी पेशींना मदत करणाऱ्या सहायक टी पेशींची संख्या कमी करतात आणि मदतनीसच घटले की जर्मिनल सेंटर खुरटतं. पण याला सरसकट बिघाड म्हणू नये. विषाणूचा डोस फार मोठा असताना या नॅचरल किलर पेशी काढून टाकल्या, तर टी पेशींच्या अनावर माऱ्यानं उंदीरच दगावतात.

प्रश्न : एलायझा ही प्रतिपिंडांची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे संरक्षण मिळालं का?

उत्तर : तेवढ्यावरून सांगता येत नाही. एलायझा फक्त विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडं दाखवते. एलसीएमव्हीत ती लवकर दिसतात, पण विषाणूला रोखत नाहीत. रोखणारी प्रतिपिंडं आहेत का, हे कळायला न्यूट्रलायझेशन चाचणी करावी लागते. सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवायचं, दुपटीनं पातळ करत जायचं, ठरावीक प्रमाणातल्या विषाणूबरोबर ३७ अंशांवर तासभर ठेवायचं, मग पेशींच्या थरावर घालून प्लाक, म्हणजे विषाणूनं मारलेल्या पेशींचे ठिपके, मोजायचे. प्लाक निम्म्यावर आणणारं सर्वांत पातळ सीरम जितक्या पट पातळ केलेलं असेल, तो आकडा म्हणजे टायटर. तापवणं चुकलं तर सीरममधलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली जंतू मारणारी प्रथिनंच, विषाणू मारतं आणि आकडा फुगतो. विषाणू जास्त पडला, तर उलट चांगलं सीरमही कमकुवत भासतं. म्हणून विषाणूचं प्रमाण प्रत्येक वेळी नव्यानं मोजून घ्यावं, मागच्या प्रयोगाच्या आकड्यावर विसंबू नये.