प्योंगयांगला नेणारी नोकरी

प्रिय विद्यार्थिनी,

मिरजेहून पाठवलेले तुझे सविस्तर पत्र मिळाले. उपयोजित कलेच्या पदवीचे शेवटचे वर्ष संपत आले असताना पुण्यातील एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओने तुला इन-बिटवीनच्या, म्हणजे हालचालीच्या दोन मुख्य चित्रांमधली चित्रे काढण्याच्या, कामासाठी निवडले आहे. ही संधी तू सोडू नयेस, असे तुझ्या वडिलांना वाटते. कॅनडाचे चित्रकथाकार गी दलील यांचे उत्तर कोरियाच्या राजधानीवरचे ‘प्योंगयांग’ हे चित्रांतून सांगितलेले प्रवासवर्णन वाचल्यापासून मात्र परदेशी मालिकांसाठी दुसऱ्याच्या चित्रांमधल्या जागा भरत बसणे तुला नकोसे झाले आहे. वर्षभर घरी राहून स्वतःचे पुस्तक काढावे, पुढे उत्तर कोरिया किंवा म्यानमारसारख्या देशांत जाऊन तिथले जगणे चितारावे, असे तुझ्या मनात आहे आणि असे करिअर खरोखर असते का, असे तू विचारले आहेस.

असते. मात्र ज्या पुस्तकाने तुला हे वेड लावले, ते पुस्तक ज्या वाटेने तयार झाले ती वाट तू नाकारू पाहत असलेल्या नोकरीतूनच जाते, हे तुझ्या पत्रात कुठेही आलेले नाही. दलील २००१ मध्ये दोन महिने प्योंगयांगमध्ये राहिले, ते लेखक म्हणून नव्हे आणि पर्यटक म्हणूनही नव्हे. एका फ्रेंच निर्मिती संस्थेने आपल्या मालिकेचे काम तिथल्या सरकारी एसईके स्टुडिओला दिले होते आणि त्या कामावर देखरेख करण्यासाठी त्यांना पाठवण्यात आले होते. मुख्य पोझ युरोपात ठरायच्या आणि त्यांच्या मधली असंख्य चित्रे आशियातल्या स्वस्त स्टुडिओंत काढली जायची. तुला पुण्यात जे काम मिळत आहे ते याच साखळीतले आहे. रोज समोर येणारी दृश्ये तपासणे, पात्राची हालचाल कुठे अडखळते ते दाखवणे, दुभाष्यामार्फत दुरुस्ती समजावणे आणि रिटेक, म्हणजे दृश्य पुन्हा काढून, मागणे हे त्यांचे काम होते. एखादा पत्रकार त्या देशात शिरण्यासाठी वर्षानुवर्षे धडपडला असता. त्यांना व्हिसा मिळाला तो या कारागिरीच्या बळावर. १९६६ साली क्वेबेकमध्ये जन्मलेल्या या माणसाने तोपर्यंत कॅनडा, जर्मनी, फ्रान्स आणि चीनमधल्या स्टुडिओंत अनेक वर्षे घालवली होती. चीनमधल्या अशाच मुक्कामावरचे ‘शेन्झेन’ हे त्यांचे पुस्तक २००० मध्ये आले, तर ‘प्योंगयांग’ मूळ फ्रेंचमध्ये २००३ साली प्रसिद्ध झाले.

त्या नोकरीने त्यांना केवळ प्रवेशच मिळवून दिला असे नाही. पुस्तकातील एक बारकावा तुझ्या लक्षात आला असेल. तिथे खोल्याखोल्यांत देशाचे संस्थापक नेते किम इल-सुंग आणि त्यांचे पुत्र व वारस किम जोंग-इल यांच्या तसबिरी लावलेल्या असतात आणि त्यांची चौकट वरच्या बाजूला जाड, खालच्या बाजूला बारीक असते. त्यामुळे तसबीर पुढे कलते, काचेवरची चमक टळते आणि नजर थेट खाली बसलेल्या माणसावर पडते. हजारो लोकांनी त्या तसबिरी पाहिल्या असतील, पण चौकटीच्या जाडीकडे लक्ष जायला कोन, प्रकाश आणि नजरेची दिशा हे रोजच्या कामाचे विषय असावे लागतात. हे निरीक्षण मला लेखकाचे कमी आणि लेआउट, म्हणजे दृश्याची मांडणी, तपासणाऱ्या माणसाचे अधिक वाटते. पात्र खुर्चीवरून उठताना भार आधी कोणत्या पायावर जातो, मान वळण्यापूर्वी डोळे किती आधी वळतात, हे इन-बिटवीन करणाऱ्याला दिवसभर पाहावेच लागते. असे दोन वर्षे पाहिल्यानंतर तुझ्या स्वतःच्या चित्रांतली माणसे आजच्याइतकी ताठ राहणार नाहीत. तू सोबत पाठवलेल्या पानांत पार्श्वभूमी फार सुंदर आहे, पण माणसे उभी आहेत आणि नुसतीच उभी आहेत, हे मी तुला स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते तिच्याकडे वळतो. तू लिहितेस की अशा देशात जाऊन ‘तिथले सत्य बाहेर आणणे’ तुला आवडेल. ही ओढ चांगली आहे आणि ती तू सोडावीस असे मी म्हणणार नाही. मात्र पुस्तकातला एक प्रसंग तू पुन्हा, सावकाश वाच. दलील यांनी जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ ही, नागरिकांवर सतत पाळत ठेवणाऱ्या हुकूमशाहीवरची, कादंबरी सोबत नेली होती आणि सतत बरोबर असणाऱ्या स्थानिक माणसांपैकी एकाला त्यांनी ती वाचायला दिली. तो ती अस्वस्थपणे परत करतो. वाचकाला तिथे हसू येते आणि तेवढ्यापुरते ते योग्यही आहे. पण त्या माणसाच्या जागी बसून पाहा. पाहुणा दोन महिन्यांनी विमानात बसणार आहे आणि याला मात्र त्याच कार्यालयात, त्याच वरिष्ठांसमोर राहायचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ च्या अहवालात तिथल्या राजकीय कैद्यांच्या छावण्यांची, तसेच एका माणसाच्या कथित अपराधासाठी त्याच्या संपूर्ण कुटुंबाला, तीन पिढ्यांपर्यंत शिक्षा देण्याच्या पद्धतीची नोंद केली आहे. तिथे अपंग माणसे कशी दिसत नाहीत, असे दलील विचारतात तेव्हा, आमच्याकडे सगळे निरोगीच जन्मतात, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळते. ते उत्तर देणाऱ्याला दुसरे काही बोलण्याची मुभा होती का, हा प्रश्न चित्रकाराने स्वतःला विचारलाच पाहिजे.

म्हणून या क्षेत्रात उतरणाऱ्याने रेषेइतकेच हेही शिकावे लागते की कोणाचा चेहरा बदलायचा, कोणाचा हुद्दा लिहायचा नाही आणि कोणता संवाद कितीही चटकदार असला तरी पानावर आणायचा नाही. हा विवेक अभ्यासक्रमात फारसा शिकवला जात नाही. तो तू आतापासून स्वतःला लावून घ्यावास, असे मी आग्रहाने सांगतो.

याच साखळीची दुसरी बाजूही तुला ठाऊक असायला हवी, कारण ती थेट तुझ्या नोकरीशी निगडित आहे. ज्या एसईके स्टुडिओत दलील बसले होते, त्या स्टुडिओवर अमेरिकेच्या अर्थखात्याने डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले. पुढच्याच वर्षी त्या स्टुडिओशी व्यवहार केल्यावरून सिंगापूरमधील एक कंपनी आणि एक भारतीय नागरिक यांची नावेही निर्बंधांच्या यादीत आली. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर कोरियातील एका उघड्या राहिलेल्या सर्व्हरवर परदेशी मालिकांच्या अ‍ॅनिमेशनच्या फायली आणि चिनी भाषेतील सूचनांची कोरियन भाषांतरे संशोधकांना आढळली. मूळ निर्मात्यांना याची कल्पना असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. काम एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे जात राहिले की शेवटी ते कोणाच्या टेबलावर पोचते हे वरच्याला कळेनासे होते, आणि त्या शेवटच्या टेबलावरच्या कलाकाराला आपल्या मेहनतीचा पैसा किती मिळतो, हे तर कोणीच विचारत नाही. पुण्यातल्या स्टुडिओबद्दल मला शंका आहे असे नाही. नामांकित भारतीय स्टुडिओ अशी कामे रीतसर करारानेच घेतात. पण पुढे तू स्वतंत्रपणे कामे घेऊ लागशील तेव्हा मूळ ग्राहक कोण, पैसे कोणत्या खात्यातून येणार आणि फायली कुठे जाणार, हे लेखी विचारल्याशिवाय पेन्सिल उचलू नकोस.

एक वर्ष घरी राहण्याच्या बेताला माझा पाठिंबा नाही. पैशाचा प्रश्न आहेच, चित्रकथांच्या पुस्तकावर सुरुवातीची वर्षे घर चालत नाही आणि तुझ्या वडिलांची चिंता अगदी रास्त आहे. त्याहून मोठे कारण असे की आठवणींचे पुस्तक लिहायला आठवणी लागतात आणि कामाच्या ठिकाणच्या आठवणी काम केल्यानेच जमतात. दलील यांचे २०२१ सालचे पुस्तक कोणत्याही गूढ देशाविषयी नाही. वडील ज्या कागद कारखान्यात नोकरीला होते, तिथेच विद्यार्थिदशेत उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी स्वतः केलेल्या मजुरीविषयी ते आहे. मिरजेत राहून तुला विषय शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. सतारमेकर गल्लीत वाळलेल्या भोपळ्याला आकार देणाऱ्या कारागिराजवळ रविवारी बसलीस, त्याच्या हातांची क्रमवार रेखाटने केलीस आणि त्याच्या तोंडचे वाक्य जसेच्या तसे टिपून ठेवलेस, तर परक्या देशात लागणारी सगळी तयारी तिथेच होईल. नंतर ती पाने त्यालाच दाखव. आपले चित्र पाहणाऱ्या माणसासमोर उभे राहण्याचा अनुभव घेतलेला चित्रकार प्योंगयांगमध्येही जपून वागतो.

उच्च शिक्षणाबद्दल थोडक्यात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अ‍ॅनिमेशनमध्ये एम.डेस. ही डिझाइनची पदव्युत्तर पदवी करता येते आणि त्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, जी साधारणतः जानेवारीत होते. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेमध्येही अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाइनचा अभ्यासक्रम आहे आणि त्याची प्रवेश प्रक्रिया स्वतंत्र असते. नर्मदा धरणाच्या प्रश्नावर १९९४ मध्ये इंग्रजी चित्रकादंबरी काढणारे ओरिजित सेन एनआयडीचेच विद्यार्थी. निदान दीड-दोन वर्षे नोकरी करून मगच अर्ज करावास असे माझे मत आहे, कारण अशा ठिकाणी निवड होताना कामाचा संग्रह पाहिला जातो आणि तुझ्या संग्रहात आज हालचालच नाही.

नियुक्तिपत्र हाती आले की त्यातील गोपनीयतेचे कलम आणि स्वामित्वहक्काचे कलम वडिलांसोबत बसून वाच. नोकरीच्या काळात तू खासगी वेळेत काढलेल्या चित्रांवरही कंपनीचा हक्क राहील, अशी भाषा काही करारांत असते. तशी ती आढळली तर कार्यालयीन वेळेबाहेरचे, मालिकांशी संबंध नसलेले काम तुझेच राहील, असे एक वाक्य त्यात घालून मागण्यात काहीही गैर नाही. स्टुडिओतल्या सहकाऱ्यांविषयी आणि प्रसिद्ध न झालेल्या मालिकांविषयी तुझ्या वहीत काही येणार असेल, तर ती पाने समाजमाध्यमांवर टाकू नकोस. दलील यांनीही परतल्यानंतर पुस्तक काढले, तिथे बसून नव्हे. कराराची भाषा समजली नाही तर ते कलम तेवढे उतरवून मला पाठव. मी वाचून उत्तर देईन.