तेजोमेघांच्या फोटोसाठी कर्ज काढावं का?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. आधी ते थोडक्यात मांडतो, म्हणजे मी काय धरून बोलतोय ते कळेल. वय ३६, नोकरी पक्की, घरात सध्या कमावते तुम्ही एकटेच. हाताशी क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा डीएसएलआर, ५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि ७०-३०० मिमी झूम. आता रंगीत तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधले वायू आणि धुळीचे ढग, टिपायचे आहेत. त्यासाठी यादी अशी: फुल फ्रेम मिररलेस बॉडी, कॅमेऱ्याला आकाशाबरोबर फिरवणारा स्टार ट्रॅकर, छोटा रिफ्रॅक्टर (भिंगांचा) टेलिस्कोप, फिरण्यातली चूक सुधारणारा गायडिंगचा कॅमेरा, फिल्टर आणि नवा लॅपटॉप. एकूण खर्च चार महिन्यांच्या पगाराएवढा. तो भागवायला दोन वर्षांचं वैयक्तिक कर्ज, व्याज १५ टक्के. हप्ता जमावा म्हणून निवृत्तीसाठी दरमहा जाणारी पगाराच्या २० टक्क्यांची गुंतवणूक तेवढी दोन वर्षं थांबवायची. आणीबाणीसाठी तीन महिन्यांचा खर्च बाजूला आहे, आणि थोड्याच दिवसांत एका महिन्याच्या पगाराएवढा बोनस यायचाय. पुढे प्रिंट विकून आणि कार्यशाळा घेऊन पैसे वसूल होतील असा तुमचा अंदाज आहे. घरी अजून काही बोललेला नाही.

कर्ज काढू नका आणि गुंतवणूक थांबवू नका. ट्रॅकर मात्र घ्या, बोनस आला की लगेच घ्या. यादीत तुमचं काम खरोखर अडलंय ते त्या एकाच वस्तूवाचून.

तुमच्या झूमवर २०० मिमी लावून, ट्रायपॉडवरून मृग नक्षत्राचा फोटो काढायचा म्हटला, तर ५०० भागिले फोकल लेंग्थ या रूढ नियमाने (क्रॉप सेन्सरवर फोकल लेंग्थ दीडपट धरून) फार तर पावणेदोन सेकंदांचं एक्स्पोजर मिळतं. त्यापुढे तारे ठिपके राहत नाहीत, रेघा होतात. एक तासाचा प्रकाश गोळा करायला असे दोन हजारांवर फोटो लागतील, आणि प्रत्येक फोटोत तेजोमेघाचा अंधुक प्रकाश कॅमेऱ्याच्या स्वतःच्या नॉइजखाली, म्हणजे दाणेदार खरखरीखाली, दबलेला असेल. ट्रॅकर कॅमेऱ्याला आकाशाच्या गतीने फिरवतो, २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा. ध्रुवाकडे नीट रोखला तर याच लेन्सवर एकेक मिनिटाची एक्स्पोजर आरामात मिळतात. म्हणजे त्याच एका तासाला ६० फोटो पुरतात, आणि त्या प्रत्येकात स्टॅक करण्याजोगं, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो करण्याजोगं, काहीतरी असतं. अमेरिकी हौशी खगोलशास्त्रज्ञ हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातल्या मोठ्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, तोही दुर्बीण घड्याळी यंत्रणेने आकाशाबरोबर फिरवत, सुमारे ५० मिनिटांचं एक्स्पोजर देऊन. त्या काळच्या फोटोप्लेटपेक्षा तुमचा आत्ताचा कॅमेरा कितीतरी सरस आहे.

आता टेलिस्कोप. तेजोमेघ लहान असतात, त्यांना प्रचंड झूम लागतो, असं यादी वाचून तुमच्या मनात असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ते मोठे असतात, फक्त मंद असतात. पूर्ण चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो. ड्रेपरने टिपलेला मृगातला तेजोमेघ, खगोलसूचीत एम४२, एक अंशाहून थोडा मोठा आहे, रोझेट तेजोमेघ त्याहून थोरला, आणि हंस तारकासमूहातला एनजीसी ७००० तर दोन अंशांच्याही पुढे जातो. तुमच्या सेन्सरवर २०० मिमी लेन्स जवळपास पावणेसात अंश बाय साडेचार अंशांचं आकाश दाखवते. एका चौकटीत मृगाच्या पट्ट्यातल्या खालच्या ताऱ्याजवळचा हॉर्सहेड तेजोमेघ आणि खालचा एम४२ दोन्ही मावतात. पहिल्या वर्षात टेलिस्कोपची तुम्हाला गरजच नाही.

शिवाय टेलिस्कोप एकटा येत नाही. त्याचं वजन, वर गायडिंगचा कॅमेरा, त्याची छोटी दुर्बीण, दव टाळायचा हीटर, तोल साधायचं वजन. तुम्ही लिहिलेल्या ट्रॅकरची क्षमता ५ किलो आहे, आणि फोटोग्राफीसाठी त्या आकड्याच्या टोकाला जाऊ नये. वाऱ्याची झुळूक आली की तारे लांबट होतात, मग मोठा माउंट (टेलिस्कोप फिरवणारी भक्कम बैठक) हवासा वाटतो, आणि तो ट्रॅकरच्या कितीतरी पट महाग असतो. पुढची ही खरेदी तुमच्या यादीत लिहिलेली नाही, पण यादीतच दडलेली आहे.

कर्जाचा हिशेब बघू. १५ टक्क्यांनी २४ महिन्यांत फेडायचं तर दर १०० मागे ११६ च्या वर परत करायचे. चार महिन्यांच्या पगाराएवढ्या कर्जाचा हप्ता पगाराच्या साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे आज निवृत्तीसाठी जातेय ती जवळजवळ सगळी रक्कम. व्याजाचा बोजा दिसतो तरी, थांबलेल्या गुंतवणुकीचा दिसत नाही आणि तोच जड आहे. तुमच्या निवृत्तीला २४ वर्षं आहेत. वर्षाला ९ टक्के वाढ धरली तर पैसा दर ८ वर्षांनी दुप्पट होतो. त्या हिशेबाने तुम्ही चुकवलेला पहिला महिना तेव्हा जवळपास आठपट झाला असता आणि शेवटचाही साडेसहापटीहून जास्त. ९ टक्क्यांची हमी कोणी देत नाही, आणि महागाई वजा केल्यावर हा आकडा बराच खाली येतो, हे मान्य. तरीही चार महिन्यांच्या पगाराच्या वस्तूंसाठी तुम्ही म्हातारपणातली काही वर्षं गहाण टाकताय. त्यात घरात कमावणारा एकच, म्हणून आणीबाणीचा निधी निदान सहा महिन्यांचा असायला हवा. तो तीन महिन्यांचा असताना अंगावर हप्ता घेणं मला अजिबात पटत नाही. नोकरीत खंड पडला तर विकायला कॅमेरा बॉडी काढाल, आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूची किंमत सर्वांत भराभर उतरते.

तुमच्या खर्चाचं एक माप असं घ्या: एकूण खर्च भागिले प्रत्यक्ष मिळालेल्या एक्स्पोजरचे तास. चंद्रप्रकाश नसलेल्या रात्री महिन्यात मोजक्या. त्यातल्या काही ढगात जातात, काही दुसऱ्या दिवशीच्या ऑफिसमुळे. महिन्याला दोन रात्री, प्रत्येकी चार तास मिळाले तरी नोकरदार माणसासाठी ते चांगलं म्हणायचं. महाग सामानाने या रात्री वाढत नाहीत. फोटोचा दर्जा मात्र तासांवरच ठरतो. नॉइजच्या तुलनेत तेजोमेघ दुप्पट उठून दिसायला चौपट वेळ द्यावा लागतो, एका तासाचे चार तास करावे लागतात. म्हणून पहिल्या वर्षी पैसा जायचा असेल तर तो काळोख्या जागी जाण्या-येण्यात जाऊ दे.

ट्रॅकरनंतरची माझी निवड लेन्स असेल, बॉडी नव्हे. तुमचा झूम २०० मिमीच्या आसपास एफ/५ किंवा त्याहून मंदच असेल (एफचा आकडा लहान, तितका प्रकाश जास्त). १३५ मिमीची एफ/२ प्राइम (झूम नसलेली) लेन्स एफ/२.८ वर वापरली तर एफ/५.६ च्या चौपट प्रकाश येतो, म्हणजे एका तासात चार तासांचं काम. जुनी, हाताने फोकस करायचीही चालेल, कारण ताऱ्यांवर फोकस तसाही लाइव्ह व्ह्यू मोठा करून हातानेच साधायचा असतो. लेन्स आधी भाड्याने आणून बघा. चांगल्या लेन्सची किंमत पुढे विकताना बॉडीइतकी पडतही नाही.

रंगाबद्दल तुम्ही खास विचारलं आहे. तेजोमेघांचा लाल रंग मुख्यतः हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोरचा फिल्टर या लाल प्रकाशाचा बराचसा भाग अडवतो. फुल फ्रेम घेतल्याने हा अडथळा जात नाही. तो फिल्टर काढून किंवा बदलून घ्यावा लागतो, त्याने वॉरंटी जाते, दिवसाचे फोटो लालसर येतात आणि कॅमेऱ्याची पुनर्विक्री अवघड होते. म्हणून नवी कोरी बॉडी यासाठी कापू नका. कधी करायचंच झालं तर एखादी जुनी, स्वस्त, दुसऱ्या हाताची बॉडी घेऊन तिच्यावर करा. तोवर एम४२ साध्या कॅमेऱ्यातही सुंदर येतो, कारण तो तेजस्वी आहे. त्याच्या शेजारचा निळसर रनिंग मॅनही येतो, तो धुळीवरून परावर्तित झालेला प्रकाश असतो. ययाति तारकासमूहातला कॅलिफोर्निया तेजोमेघ मात्र जवळजवळ निव्वळ लाल आहे, त्याला वेळ द्या. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषाच आत सोडणारा ड्युअल बँड फिल्टरही बॉडीत बदल झाल्यावरच खरा उपयोगी पडतो. तेव्हा तो शहरातल्या गच्चीवरूनही काम करू देतो आणि प्रवासाचा खर्च वाचवतो, म्हणून यादीत त्याची जागा राहू दे, फक्त खाली.

लॅपटॉप आत्ता नको. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर ही स्टॅक करायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. चार तासांचे २४० रॉ फोटो म्हणजे ६ जीबीच्या आसपास, पण स्टॅक करताना मधल्या फाइल कित्येक दहा जीबी जागा खातात. आधी एक मोठी हार्ड डिस्क घ्या आणि जुना लॅपटॉप रात्रभर चालू ठेवा. सकाळी फोटो तयार असेल, इतकाच फरक.

कमाईचा अंदाज हिशेबातून काढूनच टाका. नासाची बहुतेक छायाचित्रं कोणालाही मोफत वापरता येतात, त्यात हबलने टिपलेले हेच तेजोमेघ आहेत. सीस्टार एस५० सारखे स्मार्ट टेलिस्कोप तर स्वतः शोधून, स्वतः स्टॅक करून फोनवर फोटो देतात. लोक प्रिंट विकत घेतात, नाही असं नाही, पण बहुतेकदा ओळखीच्या माणसाचे. कार्यशाळा घ्यायच्या तर आधी हातात काम हवं. जे पैसे येतील ते पुढच्या लेन्सला लावा, हप्ता मात्र त्यांच्या भरवशावर बांधू नका.

ट्रॅकर दुसऱ्या हाताचा मिळाला तर उत्तम, पण तो रात्रीच तपासून घ्या. बॅटरीची जागा गंजलेली नाही ना बघा, ध्रुवदर्शक दुर्बिणीतली खूण फिरवल्यावर जागेवरून हलत नाही ना बघा. मग १३५ मिमीला एकेक मिनिटाचे निदान १२ फोटो सलग काढा. अशा छोट्या ट्रॅकरला आतून फिरवणाऱ्या वर्म गिअरचा एक फेरा साधारण १० मिनिटांचा असतो, त्यामुळे त्याचा दोष पहिल्या एक-दोन फोटोंत लपून राहू शकतो. बारांपैकी आठ-नऊ फोटोंत तारे गोल असतील तर घ्या.

ट्रॅकर तुमच्या यादीचा सुमारे आठवा भाग आहे, म्हणजे अर्ध्या पगाराएवढा. बोनसचा अर्धा त्यात जाईल, उरलेला अर्धा आणीबाणीच्या निधीत टाका. पुढच्या वर्षाच्या बोनसपर्यंत ४० तास एक्स्पोजर जमलं, तर लेन्स घ्यायला मी आनंदाने हो म्हणेन. टेलिस्कोपचा विषय त्याच्यानंतर काढू.

आणि ऑर्डर देण्याआधी घरी बोला. अर्धा पगार खर्च होणार हे तर सांगायचंच, पण महिन्यातून दोनदा तुम्ही रात्रभर बाहेर असाल आणि दुसरा दिवस झोपेत जाईल, हेही सांगा. त्या रात्री घराचं सगळं पत्नीवर पडणार आहे, तेव्हा कोणत्या रात्री जायचं ते दोघांनी मिळून ठरवा. ते ठरलं की मला कळवा, लेन्ससाठी दरमहा किती बाजूला काढायचे त्याचा तक्ता पाठवतो.