बास फिशिंगच्या बोटीसाठी ४०१(के)मधून कर्ज काढावं का?

डॅलसहून एका वाचकांनी विचारलं आहे: एच-१बी या अमेरिकी कामाच्या व्हिसावर नोकरी, घरी पत्नी आणि शाळकरी मुलगी, लेक फोर्क तलावावर बास मासे धरण्याचा चांगला हात बसलेला. आता स्पर्धांच्या सर्किटमध्ये उतरायचं आहे. त्यासाठी ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यातून, ५० हजार डॉलर कर्ज काढून बोट घ्यायची आणि तोटा झालाच, तर तो व्यवसायाचा म्हणून करात दाखवायचा. चालेल का?

स्पर्धेत जरूर उतरा. पण या कर्जावर बोट घेऊ नका.

४०१(के)चं कर्ज स्वस्त वाटतं, कारण व्याज आपल्याच खात्यात येतं. पण नोकरी सुटली, की उरलेली रक्कम साधारणपणे त्या वर्षीचं रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही भरली तर तिच्यावर आयकर आणि तुमच्या वयात वर १० टक्के दंड. त्याच वेळी नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला एच-१बीवर मिळणारे जास्तीत जास्त ६० दिवस सुरू झालेले असतील आणि बोट पडेल त्या भावात विकावी लागेल. घरात एकच पगार असताना ही जोखीम मला अजिबात पटत नाही.

बासमास्टर क्लासिक या बास फिशिंगच्या नामांकित स्पर्धेच्या विजेत्याला ३ लाख डॉलर मिळतात, हे खरं. पण तिथवर फार थोडे पोचतात. खालच्या पातळीवर एंट्री फी, पेट्रोल, विमा, मुक्काम आणि सरावासाठीच्या रजा बक्षिसाआधीच खिसा रिकामा करतात.

करात सूट घेण्याच्या विचाराने मला जास्त काळजी वाटली. छंदाचा तोटा वजा होत नाही. सूट हवी तर हा व्यवसाय आहे असं सांगावं लागेल, आणि एच-१बीवर स्वतःचा व्यवसाय चालवणं म्हणजे परवानगीबाहेरचं काम ठरू शकतं. कर वाचवायला लिहिलेली ओळ ग्रीन कार्डाच्या वेळी आडवी येईल.

फिनिक्स बास फिशिंग लीगमध्ये को-अँगलर म्हणून दुसऱ्याच्या बोटीत मागे उभं राहून खेळता येतं आणि फीही बोटवाल्यापेक्षा बरीच कमी असते. एक सीझन असाच खेळा. कंपनी स्वतःकडून घालते ती भर (मॅचिंग) पूर्ण मिळेल एवढं ४०१(के)मध्ये भरा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि उरलेल्यातून स्पर्धेचा खर्च करा. बक्षिसाचा एकही डॉलर हिशेबात धरू नका. रोख बक्षीस स्वीकारलेलं चालेल का, हे मात्र पहिली फी भरण्याआधीच इमिग्रेशन वकिलाला विचारा.